बर्फाच्या वाटेवरील सारथ्य

ज्या विद्येंत आपण पारंगत आहों असें मनुष्यास वाटतें, तीच विद्या परक्या मुलखांत गेल्यावर कधीं कधीं त्यास दगा देते. पट्टीचा पोहणारा बुडतो तो बहुधा ओळखीच्या विहिरींत नव्हे, अनोळखी नदींत. आम्ही गेलीं पंचवीस वर्षें मोटार हांकीत आहों. आषाढांतला बोरघाट, श्रावणांतली धुक्यानें भरलेली आंबोली, गणपतीच्या आदल्या रात्रीं कोंकणाकडे मुंगीच्या पावलानें सरकणारी गाड्यांची रांग, हे सर्व प्रसंग आमच्या अंगवळणीं पडलेले आहेत. आणि खरें सांगावयाचें तर त्याबद्दल आम्हांस थोडासा अभिमानहि होता. ‘होता’ असें म्हणण्याचें कारण इतकेंच कीं, २०२४ सालच्या डिसेंबर महिन्याच्या अखेरच्या आठवड्यांत हिमाचल प्रदेशांतील एका वळणावर तो अभिमान सुमारें पांच सेकंदांत वितळून गेला. त्या पांच सेकंदांची, आणि त्यानंतर एका वृद्ध सारथ्यानें दिलेल्या शिकवणीची हकीकत येथें सांगावयाची आहे. हल्लीं नाताळच्या सुटींत महाराष्ट्रांतून पुष्कळ कुटुंबें बर्फ पाहावयास मनालीकडे जातात, व त्यांपैकीं कित्येक स्वतःच मोटार हांकतात. त्यांस ही हकीकत उपयोगी पडावी अशी इच्छा आहे.

मनाली हें गांव समुद्रसपाटीपासून सुमारें २,०५० मीटर उंचीवर, व्यास नदीच्या कांठीं वसलेलें आहे. मनूचें आलय ती मनाली, अशी नांवाची उपपत्ति तेथील लोक सांगतात. देवदारांच्या राईंत १५५३ सालीं बांधलेलें हिडिंबेचें लांकडी मंदिर आहे, आणि नदीच्या पैलतीरीं वसिष्ठ नांवाच्या खेड्यांत ऊन पाण्याचीं कुंडें आहेत. व्यास नदी म्हणजेच आपली प्राचीन विपाशा. पुत्रशोकानें व्याकुळ झालेल्या वसिष्ठ ऋषींनीं स्वतःस पाशांनीं जखडून घेऊन या नदींत उडी टाकली असतां नदीनें ते पाश सोडविले व त्यांस तीरावर आणून ठेविलें, म्हणून ती विपाशा, अशी कथा महाभारतांत आहे. आमच्याबरोबर आमची सौभाग्यवती, कॉलेजांत जाणारा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेली मावशी अशीं मंडळी होती. मावशीनें ही कथा कुंडाच्या कांठीं बसून मुलास इतक्या तन्मयतेनें सांगितली कीं, शेजारचे दोन पंजाबी यात्रेकरूहि, भाषा कळत नसतां, ऐकत उभे राहिले.

चंदीगडापर्यंत आगगाडीनें जाऊन तेथें आम्हीं मोटार भाड्यानें घेतली होती. पोंचल्यावर पहिल्याच दिवशीं, आकाश निरभ्र असतां, आम्ही अटल बोगद्यांतून पलीकडे लाहुलांत जाऊन आलों. हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजीं रहदारीस खुला झाला. त्याची लांबी ९.०२ किलोमीटर असून तो ३,००० मीटरांहून अधिक उंचीवर आहे. त्यापूर्वीं लाहुलास जावयाचें म्हणजे ३,९७८ मीटर उंचीची रोहतांगची खिंड ओलांडावी लागे, आणि हिंवाळ्यांत ती बर्फानें बंद झाली म्हणजे तिकडील लोकांचा इतर जगाशीं संबंध कित्येक महिने जवळजवळ तुटत असे. आतां आजारी मनुष्य भर हिंवाळ्यांतहि खालच्या रुग्णालयांत आणतां येतो. हा उपकार लहान नाहीं. परंतु त्याबरोबर एक नवें संकटहि आलें आहे. खिंड बंद असे तेव्हां आमच्यासारखा मैदानांतला मनुष्य तिकडील बर्फावर मोटार हांकण्याच्या फंदांत पडतच नसे. आतां रस्ता तयार आहे. पण रस्ता तयार होणें निराळें आणि सारथी तयार होणें निराळें.

दुसऱ्या दिवशीं बर्फ पडला. आमच्या मंडळींनीं तो जन्मांत प्रथमच पाहिला. त्यांचा आनंद काय वर्णावा! मावशीनें ओंजळींत बर्फ घेऊन कपाळास लाविला. नंतर आकाश पुन्हां स्वच्छ झालें, ऊन पडलें, आणि बुलडोझरांनीं रस्ता साफ केल्याची वार्ता आली, तेव्हां आम्ही सोलंगास निघालों. हें स्थळ मनालीपासून अवघें तेरा किलोमीटर आहे. रस्ता ओला व काळा दिसत होता. दोन्ही बाजूंस बर्फाचे ढीग, मध्यें डांबर. ‘यांत कठीण तें काय?’ असें आम्ही मुलास म्हणालोंहि.

परततांना सायंकाळचे चार वाजले होते. सूर्य डोंगराआड गेला होता. उतारावर देवदारांच्या सावलींत एक वळण आलें, आणि त्यापुढें एक गाडी थांबलेली दिसली. आमचा वेग ताशीं तीस किलोमीटरांहून अधिक नव्हता. आम्हीं नेहमींच्या संवयीनें ब्रेक दाबला. पायाखालीं ब्रेकची पट्टी घरघरूं लागली. कांहीं तरी मोडलें असें वाटून आम्हीं घाबरून पाय उचलला, पुन्हां दाबला, आणि त्याच क्षणीं स्टिअरिंग फिरविलें. चाकें वळलीं, मोटार मात्र वळली नाहीं. ती सरळ, संथपणें, जणूं कांहीं तिला कोणी दोरीनें ओढीत आहे अशी, दरीच्या कडेकडे निघाली. तो संथपणाच भयंकर होता. विचार करावयास वेळ होता, आणि करण्यासारखें कांहींच हातांत नव्हतें. बुलडोझरानें कडेला लोटलेल्या बर्फाच्या ढिगांत मोटारीचें नाक रुतलें व ती थांबली. ढिगापलीकडे रस्ता नव्हता. मागें वळून पाहिलें तेव्हां मावशी जपाची पिशवी मुठींत धरून बसली होती, आणि मुलाच्या तोंडावर रक्ताचा थेंब राहिला नव्हता. आम्ही खालीं उतरलों तों पाय घसरून आपटलों. जें डांबर ओलें दिसत होतें तें ओलें नव्हतेंच. त्यावर कांचेसारखा पारदर्शक बर्फाचा पापुद्रा होता.

थोड्याच वेळांत मागून एक जुनी जीप आली. तिच्यांतून उतरलेले गृहस्थ आमच्या उतारगृहाच्या मालकांचे चुलते निघाले. त्यांनीं सरकारी बसगाडी याच डोंगरांत तीस वर्षें हांकली होती. सर्वजण त्यांस चाचाजी म्हणत. त्यांनीं जीपमधून फावडें व राखेचें पोतें काढलें, चाकांपुढील व मागील बर्फ खणला, राख पसरली, आणि मोटार हलक्या हातानें मागें घेतली. मग आमच्याकडे पाहून म्हणाले, “बाबूजी, पहाडांत ब्रेक पायांत नसतो, डोळ्यांत असतो. माताजींना माझ्या जीपमध्यें बसूं द्या. तुम्ही पहिल्या गिअरमध्यें माझ्या मागून या. आणि मी सांगेपर्यंत ब्रेकला पाय लावूं नका.” तो सारा उतार आम्ही माणसाच्या चालीनें उतरलों.

रात्रीं उतारगृहांत लांकडें जाळण्याच्या लोखंडी शेगडीभोंवतीं, जिला तिकडे तंदूर म्हणतात, आमची शाळा भरली. चाचाजी सांगत होते आणि मुलगा वहींत टिपून घेत होता. त्या शिकवणीचें सार असें:

टायरची रस्त्यावरील पकड म्हणजे एक लहानसा बटवा समजावा. वेग वाढविणें, वेग कमी करणें आणि वळणें, हे तिन्ही खर्च त्याच बटव्यांतून व्हावयाचे. कोरड्या रस्त्यावर बटवा भरलेला असतो, म्हणून वळतां वळतां ब्रेक दाबला तरी भागतें. बर्फावर त्यांत चार दमड्याच असतात. त्या ब्रेकवर खर्चिल्या तर वळण्यास कांहीं उरत नाहीं. आम्हीं नेमकें हेंच केलें होतें. यासाठीं वळणाच्या पुष्कळ अलीकडे, सरळ रस्त्यावरच, वेग कमी करून घ्यावा. वळतांना केवळ वळावें. आणि वळण संपल्यावर मग हळूच वेग वाढवावा. एका वेळीं एकच काम. पाय आणि हात यांची प्रत्येक हालचाल, मांडीवर भरलेला चहाचा पेला ठेविला आहे अशा बेतानें झाली पाहिजे.

मुलगा शास्त्रशाखेचा असल्यामुळें त्यानें तेथेंच गणित मांडलें. ताशीं चाळीस किलोमीटर वेगाची मोटार कोरड्या सपाट डांबरावर ब्रेक लागल्यापासून सुमारें दहा मीटरांत थांबते. दाबून बसलेल्या बर्फावर तीस मीटर लागतात. आणि गुळगुळीत बर्फावर साठांहून अधिक. परंतु त्यानें पुढची ओळ लिहिली तेव्हां आम्ही सर्वच स्तब्ध झालों. गुळगुळीत बर्फावरील पकड वजनाच्या सुमारें एकदशांश, किंवा त्याहूनहि कमी असते. आतां रस्ता दहा मीटरांस एक मीटर असा उतरता असेल, तर उतार मोटारीस जेवढ्या जोरानें खालीं ओढतो तेवढीच पकड ब्रेकपाशीं असते. म्हणजे बाकी शून्य! अशा उतारावर एकदां सुटलेली मोटार कितीहि अंतर दिलें तरी ब्रेकनें थांबणारच नाहीं. चाचाजींनीं कधीं हें गणित केलें नव्हतें. पण ‘उतारावर वेग येऊंच देऊं नये, कारण आलेला वेग परत घेतां येत नाहीं,’ हा त्यांचा नियम त्याच उत्तराचा होता. म्हणून उतार पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्येंच उतरावा, व इंजिनाच्या ओढीनेंच वेग आंवरावा. पुढील गाडीपासून आपण एरवीं दोन-तीन सेकंदांचें अंतर ठेवितों. बर्फावर तें आठ-दहा सेकंदांचें असावें. चढावर मध्येंच थांबूं नये. पुढची गाडी माथ्यावर पोंचेपर्यंत खालींच थांबावें व मग एका संथ दमांत चढावें. निघतांना चाकें फिरूं लागलीं तर दुसऱ्या गिअरमध्यें, क्लच हळू सोडून निघावें.

काळा बर्फ कोठें असतो? जेथें ऊन लागत नाहीं तेथें: डोंगराच्या सावलींतील वळणांवर, झाडांखालीं, कड्यांतून पाणी झिरपतें तेथें. पुलावर तर तो सर्वांत आधीं धरतो, कारण पुलास वरून व खालून दोहोंकडून थंड वारा लागतो, आणि जमिनीची ऊब त्यास मिळत नाहीं. वेळेचेंहि तसेंच. दुपारीं बर्फ वितळून पाणी रस्त्यावर वाहतें, व सूर्य आड होतांच तें गोठतें. नुकताच गोठलेला, वितळण्याच्या बेतांत असलेला बर्फ हा कडक थंडींतील बर्फापेक्षां अधिक निसरडा असतो. म्हणून ‘आज थंडी बेताची आहे’ असें मनास समजावूं नये. आपल्याकडे जसा पहिल्या पावसाचा रस्ता, तेल व धूळ यांच्या चिखलानें, मुसळधार पावसांतील रस्त्यापेक्षां अधिक फसवा असतो, त्यांतलाच हा प्रकार होय. रस्त्यावरील गाड्यांच्या चाकांतून पाणी उडत असेल तर तें पाणी. रस्ता ओला दिसतो पण तुषार उडत नाहींत, तर तो बर्फ.

मोटार घसरूंच लागली तर? एंजिनाचा वेग सोडावा, ब्रेक सोडावा, आणि जिकडे जावयाचें तिकडे नजर ठेवून स्टिअरिंग हळूहळू त्या दिशेस फिरवावें. दरीकडे पाहूं नये, कारण हात नजरेच्या मागें जातात. चाकांस पुन्हां पकड आली म्हणजे स्टिअरिंग लागलीच सरळ करावें. अगदींच थांबणें भाग पडलें तर हल्लींच्या मोटारींत ए. बी. एस. नांवाची योजना असते. तींत ब्रेक जोरानें दाबला असतां पट्टी पायाखालीं थरथरते. तें मोडल्याचें नव्हे, काम चालू असल्याचें लक्षण आहे. पाय उचलूं नये. आमचा पाय उचलला गेला होता, हें वाचकांच्या लक्षांत असेलच.

आणखी एक भ्रम. चारी चाकांस जोर असलेली गाडी घेतली म्हणजे भय नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. ती गाडी निघण्यास व चढण्यास अधिक समर्थ खरी. परंतु थांबण्यास प्रत्येक मोटारीस चारच चाकें असतात. पकड वाढविणारी वस्तु म्हणजे टायर व साखळ्या. साधें रबर सात अंशांखालीं कडक होऊं लागतें; हिंवाळी टायरांचें रबर मऊ राहतें. साखळ्या ज्या चाकांस एंजिनाचा जोर लागतो त्यांवर चढवाव्या, त्या सपाट जागीं व उजेडींच चढविण्याचा सराव करावा, त्या असतां वेग ताशीं चाळीसच्या आंत ठेवावा, आणि उघडें डांबर लागलें म्हणजे काढाव्या. रात्रीं मोटार उभी करितांना गिअरमध्यें ठेवून चाकांस दगड लावावे. हँडब्रेक ओढून ठेविल्यास तो कधीं कधीं गोठून बसतो. समोरच्या कांचेवरील बर्फ काढण्यास कढत पाणी ओतूं नये, कांच तडकते. छतावरील बर्फहि झाडून काढावा, नाहीं तर पहिल्याच ब्रेकबरोबर तो कांचेवर येऊन रस्ता दिसेनासा होतो. रेडिएटरच्या पाण्यांत न गोठणारें द्रव्य आहे कीं नाहीं, हें भाड्याची मोटार घेतांनाच विचारावें. मैदानांत भरलेलें डिझेल उणे दहा-पंधरा अंशांच्या थंडींत घट्ट होऊं लागतें, हेंहि लाहुलाकडे जाणारानें ध्यानांत ठेवावें.

शेवटचा धडा अडकून पडण्याविषयींचा. येथें चाचाजींचा आवाज बदलला. २०२२ सालच्या जानेवारींत पाकिस्तानांतील मरी या थंड हवेच्या ठिकाणीं पर्यटकांच्या गाड्या एका रात्रींत बर्फांत गाडल्या गेल्या, आणि वीसांहून अधिक माणसें त्या गाड्यांतच दगावलीं. तीं थंडीनें गेलीं, तशींच विषारी वायूनेंहि गेलीं असें सांगतात. उबेसाठीं एंजिन चालू ठेविलें, सायलेन्सरचें तोंड बर्फानें बुजलें, आणि कार्बन मोनॉक्साइड आंत भरला. या वायूस ना रंग ना वास. मनुष्यास केवळ झोंप येते. म्हणून अडकल्यास गाडी सोडून अंधारांत चालूं लागूं नये; परंतु एंजिन लावण्यापूर्वीं प्रत्येक वेळीं उतरून सायलेन्सरचें तोंड मोकळें करावें, तासांतून दहा मिनिटेंच तें चालवावें, व वाऱ्याच्या उलट बाजूची कांच बोटभर उघडी ठेवावी. सर्वांनीं एकदम झोपूं नये. पांघरुणें, खाण्याचे पदार्थ, पिण्याचें पाणी, विजेरी, फावडें व राखेचें किंवा वाळूचें पोतें गाडींत असावें; टांकी अर्ध्याखालीं जाऊं देऊं नये; आणि मदतीसाठीं ११२ हा क्रमांक लक्षांत असावा.

दोन दिवसांनीं, २७ तारखेस, आम्ही पुन्हां सोलंगास जाणार होतों. पैसे दिलेले होते, सुटी संपत आली होती, आणि मुलास बर्फावर घसरण्याचा खेळ खेळावयाचा होता. सकाळीं चाचाजी अंगणांत उभे राहून ढगांकडे पाहत होते. आम्हीं विचारलें, “रस्ता सुरू आहे ना?” ते म्हणाले, “जाण्याचा सुरू आहे. येण्याचें मला ठाऊक नाहीं.” एवढें ऐकून आम्हीं किल्ली खुंटीस लाविली. मुलगा हिरमुसला, खरें म्हणजे आम्हीहि हिरमुसलों. त्या दिवशीं सोलंगास नव्यानें बर्फ पडून सुमारें १,००० गाड्या व त्यांतील सुमारें ५,००० माणसें अडकलीं. पोलिसांनीं त्या सर्वांस सुखरूप सोडवून खालीं आणलें, ही त्यांची कामगिरी खरोखर थोर होय. परंतु त्या गाड्यांत लहान मुलें होतीं, म्हातारीं माणसें होतीं. आणि आमची मावशी त्यांत नव्हती. ती तंदुराजवळ बसून शेंगा सोलीत होती.

आपल्याकडील घाटांत ‘अति घाई संकटांत नेई’ अशी पाटी आपण नित्य वाचतों, व वाचूनहि वेग कमी करीत नाहीं, कारण आपल्या रस्त्यावर चूक केली तरी बहुतेक वेळां टायर आपल्याला सांभाळून घेतात. बर्फ सांभाळून घेत नाहीं, एवढाच काय तो फरक. तेथें कौशल्याची पहिली पायरी म्हणजे आपलें कौशल्य येथें चालणार नाहीं हें मानणें. आणि ज्यास तें जड वाटत असेल त्यानें स्थानिक सारथ्याची गाडी करावी. त्यांत कमीपणा नाहीं. वसिष्ठांस विपाशेनें पाश तोडून तीरावर आणून सोडलें, हें खरें. पण आम्ही वसिष्ठ नव्हे, आणि बर्फाचा तो ढीग प्रत्येक वळणावर असतोच असेंहि नाहीं.

परतीच्या दिवशीं आम्हीं चाचाजींस नमस्कार केला. त्यांनीं मावशीच्या हातांत सफरचंदांची पिशवी ठेविली, आणि मुलाच्या हातीं मोटारीची किल्ली देऊन म्हणाले, “पुढें चालवशील तेव्हां बाबूजींसारखी नको, माझ्यासारखी चालव.” आम्ही हंसलों, आणि चंदीगड येईपर्यंत, डांबर कोरडें ठणठणीत असतांहि, पुढील गाडीपासून आठ सेकंदांचें अंतर राखून होतों.